मॅनेजरच्या खोलीचं कुलूप

फुटबॉल क्लबाच्या मॅनेजरला हाकला, असं गावात सगळ्यांत आधी कुणी म्हटलं असेल तर ते किल्लीवाल्याने. आणि क्लबाने मॅनेजरला खरोखरच हाकललं, तेव्हा सगळ्यांत जास्त भडकला तोही किल्लीवालाच. लोकांना यात गंमत वाटली. त्याच्या बायकोला वाटली नाही. त्या आठवड्यात तो पुढ्यात येईल ते निमूटपणे संपवत होता, मीठ कमी आहे असं एकदाही म्हणाला नव्हता. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

त्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधल्या फटीला बसवलेलं दार. एका बाजूला वह्या-पेनांचं दुकान, दुसऱ्या बाजूला चष्मेवाला. आत एका वेळी एकच गिऱ्हाईक उभं राहू शकतं, दुसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे घोस. अजून दात न फुटलेल्या, कुठलंच दार माहीत नसलेल्या किल्ल्या. मशीनखाली पितळेचा बारीक भुसा साचलेला असायचा, आणि तो त्याच्या बाह्यांत, भुवयांत, कधी कधी घरच्या उशीवरही सापडायचा. बायको म्हणायची, माझा नवरा नखशिखांत दागिन्यांनी मढलेला आहे, फक्त ते विकता येत नाहीत.

दुकान बापाचं. त्याच्याबरोबर बापाचा एक नियमही त्याच्याकडे आला होता. कुणी कुलूप बदलायला बोलावलं, तर ते दार रोज उघडणारा माणूस समोर उभा हवा. मालक कोण, भाडेकरू कोण, ते वकिलांनी बघावं. बाप सांगायचा, माणूस दमून दाराशी येतो, किल्ली घालतो आणि ती फिरत नाही, त्या क्षणी त्याच्या पायाखालची फरशी काढून घेतलेली असते. ती काढणारा हात आपला नसावा.

एकदा एका गृहस्थाने त्याला घाईघाईने बोलावलं. बायको बाजारात गेली होती, तेवढ्यात कुलूप बदलून हवं होतं. किल्लीवाला हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन जिन्यात बसला. गृहस्थ ओरडला, मग हातापाया पडला, मग दुसरा किल्लीवाला आणतो म्हणाला. आणा की, हा म्हणाला, तोवर मी आहे इथेच. शेवटी बायको भाजीची पिशवी घेऊन जिना चढून आली, तिने सगळी हकिगत ऐकली, आणि नवऱ्याला सोडून आधी याच्यावरच बरसली, की असं दारात ठाण मांडून बसल्यावर शेजारी काय म्हणतील. त्या दिवसापासून गावाने त्याला अडसर हे नाव ठेवलं. त्याला ते आवडायचं. आवडतं असं तो दाखवायचा नाही.

शनिवारी मात्र अडसर दुकान लवकर बंद करून मैदानावर. गोलपोस्टच्या मागचा स्टँड, वरून दुसरी रांग. मॅनेजर आला तेव्हा पहिल्या मोसमात संघ बरा खेळला होता. पुढे उतरण लागली. मॅनेजरला स्टँडातले लोक घुम्या म्हणायचे, कारण तो हात खिशात घालून रेषेजवळ उभा राहायचा, गोल केला तरी तसाच आणि गोल खाल्ला तरी तसाच. जुन्या कॅप्टनला त्याने बाकावर बसवलं. डाव्या पायाच्या पोराला उजवीकडे लावलं. आणि बचावातल्या चौघांना इतकं पुढे उभं करायचा की मागे अख्खं मैदान मोकळं. लांब टोलवलेला एक चेंडू, समोरच्यांचा एखादा पळणारा, आणि खेळ खल्लास. "मागचं दार सताड उघडं टाकून हा खिडकीला कड्या लावतोय," असं किल्लीवाला ओरडला होता, आणि सगळा स्टँड हसला होता. त्या हसण्याची त्याला चटक लागली. दुकानात, रस्त्यात, जेवताना, हा माणूस गेला पाहिजे, एवढं एकच पालुपद.

बायको मॅनेजरच्या बाजूची होती. तिने आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता. पण मॅनेजर एकदा दुकानात एक जुनी लाकडी पेटी घेऊन आला होता. त्याच्या आईची. आई गेली, किल्ली सापडत नव्हती, आणि कुलूप तोडायचं नव्हतं. किल्लीवाल्याने अख्खी दुपार त्या कुलपावर घातली. मॅनेजर समोरच्या एवढ्याशा जागेत उभा. कुलूप उघडलं तेव्हा मॅनेजरने झाकण वर केलंच नाही, पेटी तशीच छातीशी धरून घरी नेली. हे ऐकून बायको म्हणाली होती, असा माणूस वाईट नसतो हो.

"वाईट कोण म्हणतंय?" तो म्हणाला होता. "बचाव वाईट आहे."

मग तो शनिवार आला. संघ लांबच्या गावी जाऊन सपाटून हरला, रात्री तिथेच राहिला, रविवारी दुपारी बसने परतणार होता. रविवारी सकाळी किल्लीवाल्याच्या घरी त्याचा साडू आला. साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, फर्निचरचा दुकानदार आणि क्लबाचा चिटणीस. माणूस लोण्यासारखा. कुणाला नाही म्हणायचं असलं तरी आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवणार. क्लबात एक कुलूप बदलायचंय, किल्ली हरवलीय, असं म्हणून तो त्याला घेऊन गेला.

स्टँडखालचा लांब बोळ, ओल्या मोज्यांचा आणि मालिशच्या तेलाचा वास, शेवटचं दार. दारावरची पाटी काढलेली होती. तिच्या जागी लाकडाचा एक चौकोन उजळ राहिला होता, आणि त्यात स्क्रूंची भोकं. किल्लीवाला थांबला. ही घुम्याची खोली, तो म्हणाला, घुम्या कुठाय?

साडूचा हात पाठीवर आला. सगळं बोलणं झालंय, तो म्हणाला, रात्रीच फोनवर. समंजस माणूस, त्याने मानलं. फक्त इथे यायला त्याला ओशाळल्यासारखं वाटतंय. सामान घरी पोचवू.

किल्लीवाल्याने त्याच्यावर विश्वास ठेवला. साडू फार पटेल असं बोलला होता असं काही नाही. विश्वास ठेवावासा वाटला, म्हणून ठेवला. जे इतके दिवस तोंडाने मागितलं ते आज हातात होतं, आणि हातात आलेल्या गोष्टीला प्रश्न विचारायला तो थांबला नाही. आत मॅनेजरचा कोट खुंटीला होता, कागद कोंबून ठेवलेले बूट भिंतीशी होते, टेबलावर चहाचा कप होता. आटोपून निघालेल्या माणसाची खोली अशी नसते, हे त्याच्या डोळ्यांनी पाहिलं; पण काम हातांचं होतं. जुनं कुलूप काढून त्याने पिशवीत टाकलं, नवं बसवलं. काम करताना तो शीळ घालत होता. पुढे त्याला सगळ्यांत जास्त ती शीळच छळणार होती.

सोमवारी दुकान उघडून तो मशीन पुसत होता, तेवढ्यात मॅनेजर आत आला. त्याच एवढ्याशा जागेत उभा राहिला. काउंटरवर किल्ली ठेवली.

"दारावरची पाटी रंगवायला नेलीय वाटतं, आणि ही किल्ली फिरत नाहीये. झिजली असेल. बघता का जरा?"

आणि मग, आपण काहीतरी बोलायला हवं असं वाटून, ओशाळून म्हणाला, परवा वाईट हरलो, ऐकलं असेल तुम्ही.

किल्लीवाल्याने किल्ली उचलली. ती त्यानेच कापलेली होती. दात जसेच्या तसे, एकही घासला गेलेला नव्हता. क्लबात विचारा, असं म्हणता आलं असतं. तासाभराने या, असं म्हणता आलं असतं. त्याने फडकं बाजूला ठेवलं.

"किल्लीला काही झालेलं नाही. कुलूप बदललंय. मी बदललं, काल सकाळी."

"काल सकाळी आम्ही बसमध्ये होतो."

"चिटणीस म्हणाले, तुमच्याशी बोलणं झालंय. फोनवर."

मॅनेजरने मान हलवली. नाही. तो काउंटरकडे बघत राहिला, तिथल्या पितळेच्या भुशाकडे, जणू त्यात काही लिहिलेलं होतं. काल बसमध्ये तो पोरांशी पुढच्या सरावाचं बोलत होता. पोरं ऐकत होती. आणि त्याच वेळी इकडे त्याच्या दारात एक माणूस गुडघे टेकून शीळ घालत होता.

"माझे बूट आत आहेत," तो म्हणाला.

त्याने किल्ली खिशात टाकली आणि वळला. फुटपाथवर थांबलेल्या गिऱ्हाइकाने त्याला ओळखलं, आणि काय मॅनेजर, या शनिवारी तरी जिंकणार का, असं खवचटपणे विचारलं. मॅनेजर म्हणाला, बघू.

मंगळवारी क्लबाच्या फाटकावर सूचना लागली. मॅनेजर रविवारी परतल्यावर स्वतःहून काम सोडून निघून गेले, ऐन मोसमात संघाला वाऱ्यावर सोडलं, क्लबाला याचा धक्का बसला आहे. सोमवारी नाइलाजाने त्यांची खोली ताब्यात घ्यावी लागली. दुपारपर्यंत गावभर झालं. शेपूट घालून पळाला, असं दुकानात येणारा जो तो म्हणत होता, आणि हे ऐकून अडसरला बरं वाटेल अशा खात्रीने त्याच्याकडे बघत होता. त्याने त्या दिवशी दोन किल्ल्या चुकीच्या कापल्या.

संध्याकाळी तो साडूच्या दुकानात गेला. प्लॅस्टिक न काढलेल्या सोफ्यांच्या मधोमध साडू बसला होता. बस, म्हणाला. किल्लीवाला उभाच राहिला.

साडूला राग आला नाही, हे सगळ्यांत वाईट. तो समजावत राहिला. तुलाच तर तो नको होता ना? नको होता, किल्लीवाला म्हणाला, अजूनही नको. मग झालं तर.

"मग हाकललं म्हणा ना, साडूभाऊ. पळाला कशाला म्हणता?"

"अरे, हाकललं म्हटलं की क्लब वाईट दिसतो. पळाला म्हटलं की तो दिसतो. तो काय, गाव सोडून जाणारच. आपल्याला इथेच राहायचंय."

आणि मग साडूने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. बाहेर याचा बभ्रा करू नकोस, म्हणाला, उगाच तुझ्यामुळे बहिणी-बहिणींत वितुष्ट यायला नको.

घरी येऊन किल्लीवाला नुसता ताटाशी बसून राहिला. तो सगळ्यांवर चिडला होता. साडूवर, फाटकावरच्या कागदावर, त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्या गावावर. मॅनेजरवरही, कारण वार्ताहर त्याच्या दाराशी गेले तेव्हा तो काहीच बोलला नाही. अरे, तोंड आहे ना तुला? स्वतःच्या अब्रूसाठीसुद्धा तुझं तोंड उघडत नाही?

"त्याने काय करायचं?" बायको म्हणाली. "मी पळालो नाही हो, मला हाकललं, असं चौकात ओरडत फिरायचं? अहो, मला एकच सांगा. हाकलला ते बरोबर की चूक?"

खोटं बोलून सुटता आलं असतं तर सोपं होतं.

"बरोबर," तो म्हणाला. "पण बरोबर गोष्ट चोरासारखी केली. आणि चोराला किल्ली लागते तशी त्यांना माझी लागली."

बायकोने त्याचं ताट पुढे सरकवलं. "मग बोला तसं. ताईचं मी बघते. भावोजींच्या कितीतरी आधीपासून ती माझी बहीण आहे."

गुरुवारी क्लबाच्या सभासदांची सभा होती. स्टँडखालच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, समोर टेबलाशी साडू. ठराव साधा: मॅनेजर गेले, नवीन नेमायला मंजुरी द्यावी. किल्लीवाला उठला. तो म्हणाला, मी हात वर करणार आहे, हे आधीच सांगतो, हा माणूस जायलाच हवा होता. मग त्याने बचाव काढला, कॅप्टन काढला, डाव्या पायाचं पोर काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडूनेही वाजवल्या.

मग त्याने कुलपाचं सांगितलं. रविवारी सकाळी बदललं, बस परतायच्या आधी. सोमवारी मॅनेजर माझ्याच दुकानात आला, किल्ली झिजली असेल म्हणून. पळालेला माणूस किल्ली दुरुस्त करायला येत नाही.

हॉलमध्ये खुर्च्या कुरकुरल्या. साडू हसला, अगदी घरच्यासारखा.

"पण कुलूप लावलं कुणी?"

"मी."

"मग तेव्हा तुझी जीभ कुठे होती?"

"शीळ घालत होती," किल्लीवाला म्हणाला.

लोक हसले, आणि मग हसू अर्ध्यावरच कुठेतरी अडकलं. मतं घेतली. हात वर गेले, त्याचाही. मग तो म्हणाला, आता फाटकावरच्या कागदाचं बोला. साडू म्हणाला, तो आजचा विषय नाही. किल्लीवाल्याने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी बुटांकडे बघत होतं, कुणी छताकडे. मागून कुणीतरी अगदी प्रेमाने म्हणालं, जाऊ दे रे अडसर, शनिवारी सामना आहे. त्या प्रेमाचीच त्याला जास्त चीड आली. खोटं आहे हे आता सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असूनच सगळे घरी जेवायला निघाले होते.

शुक्रवारी दुपारी त्याने दुकान बंद केलं, हत्यारांची पिशवी घेतली आणि मॅनेजरच्या घरी गेला. खोलीत खोकी बांधून ठेवलेली, मधोमध ती आईची पेटी. चला, किल्लीवाला म्हणाला, तुमची किल्ली घ्या. मॅनेजरने कुठे असं विचारलं नाही. दोघं भर बाजारातून निघाले, एक पिशवी घेतलेला, एक हात खिशात घातलेला. लोकांनी दुकानांतून माना बाहेर काढल्या. ज्यांनी काल टाळ्या वाजवल्या होत्या त्यांतले काही थोडं अंतर ठेवून मागे चालू लागले. क्लबात पोचेपर्यंत बोळ भरला होता.

साडू कुणीतरी सांगितल्यासारखा धावत आला. हे काय चाललंय, म्हणाला.

"रविवारचं काम अर्धवट राहिलंय. दार ज्याचं, तो तेव्हा समोर नव्हता."

साडूने बोळातल्या माणसांकडे पाहिलं. त्याचा हात सवयीने उचलला गेला, पण फिरवायला जवळ कुणाचीच पाठ नव्हती. किल्लीवाला गुडघे टेकून बसला. या वेळी शीळ नव्हती. नवं कुलूप काढलं, पिशवीतलं जुनं परत बसवलं आणि तो बाजूला झाला. मॅनेजरने आपली किल्ली घातली. ती फिरली, जशी इतकी वर्षं फिरत होती.

आत त्याने कोट घेतला, बूट घेतले, कप धुऊन पालथा ठेवला. भिंतीवरच्या फळीवर लोहचुंबकाच्या रंगीत गोळ्यांनी संघ मांडलेला होता. बचावातले चौघं अजूनही पुढेच. किल्लीवाल्याला राहवलं नाही.

"यांना एवढं पुढे कशाला ठेवता हो?"

मॅनेजरने फळीकडे पाहिलं. "मागे ठेवले की ते घाबरतात."

"पुढे ठेवले की आम्ही घाबरतो."

मॅनेजर हसला. तो हसताना दिसला असं गावात पहिल्यांदाच घडत होतं, आणि बोळातल्या काहींना ते बघवलं नाही, त्यांनी माना वळवल्या. तो बाहेर आला. किल्लीवाला साडूकडे वळला.

"आता सांगा त्यांना. तोंडाने."

साडू मॅनेजरकडे वळला. मग म्हणाला, कमिटीने तुम्हाला कामावरून काढलंय. शनिवारी रात्रीच ठरलं. तुम्हाला कळवलं नव्हतं.

"बरं," मॅनेजर म्हणाला. त्याने दार ओढून घेतलं, स्वतःच्या हाताने कुलूप लावलं आणि किल्ली साडूच्या तळहातावर ठेवली. मग बूट काखेत मारून तो बोळातून निघाला, आणि दोन्ही बाजूंचे लोक भिंतीला चिकटून त्याला वाट देत राहिले.

शनिवारी नवीन माणसाने बचाव मागे ओढला आणि संघ जिंकला. किल्लीवाला दोन्ही गोलांना घसा बसेपर्यंत ओरडला. शेजारचे म्हणाले, बघ, आम्ही म्हणत नव्हतो? जाताना त्याने फाटक पाहिलं. कागद कुणीतरी ओरबाडून काढला होता, टाचण्यांखाली चार कोपरे तेवढे राहिले होते. त्याच्या जागी दुसरा कागद लागला नव्हता. चूक झाली, असं कुणी लिहिलं नव्हतं. तो घरी येईपर्यंत धुमसत होता.

जिंकले का, बायकोने ताट वाढत विचारलं. जिंकले, तो म्हणाला. ताईचा फोन आला होता, बायको म्हणाली, ती बोलतेय, भावोजी बोलत नाहीयेत. त्याने घास घेतला, चावला, थांबला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

तिने मिठाची बरणी त्याच्यासमोर आदळली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा समाधानाने जेवायला बसली.